डुकराच्या खाद्यातलं स्फुरद जातं कुठे? घटकांचं पचन समजून खाद्यमिश्रण बसवण्याची पद्धत

मका, सोयाबीन पेंड आणि कोंडा एकत्र केले की कागदावर स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा भरपूर दिसतो. तरीही त्याच मिश्रणावर वाढणारी पिल्लं लंगडतात, भिंती चाटत बसतात, आणि दूध पाजून थकलेल्या माद्यांना मागच्या पायांवर उठता येत नाही. तक्ता खोटा नसतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. घटकात एकूण किती स्फुरद आहे हे प्रयोगशाळा सांगते. त्यातलं किती डुकराच्या रक्तात पोहोचेल हे ती सांगत नाही. प्रथिनं, जस्त, ऊर्जा सगळ्यांचं असंच आहे. खाद्य बसवताना ‘एकूण’ आणि ‘पचनीय’ यांतला फरक डोक्यात पक्का असला पाहिजे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे.

आधी पचनाची थोडी माहिती. अमिनो आम्लं, साखर आणि बहुतेक खनिजं लहान आतड्यात शोषली जातात. तिथून निसटलेलं अन्न मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू तंतू आंबवतात आणि त्यातून डुकराला थोडी ऊर्जा मिळते. पण तिथे मोकळ्या झालेल्या स्फुरदाचा किंवा अमिनो आम्लांचा डुकराला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही, ते विष्ठेतूनच बाहेर पडतात. म्हणून घटक नुसता पचून भागत नाही, तो वेळेत पचावा लागतो.

पायरी १ : कोणत्या घटकात स्फुरद किती अडकलंय ते पाहा

धान्य आणि पेंडींमधलं साधारण दोन तृतीयांश स्फुरद फायटेट या संयुगात असतं. झाड आपल्या बियांमध्ये स्फुरद असंच साठवतं. फायटेटच्या एका रेणूवर सहा फॉस्फेट गट असतात आणि ते सोडवायला फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. डुकराच्या स्वतःच्या आतड्यात ते फार थोडं तयार होतं. म्हणजे स्फुरद खाद्यात असतं, पण कुलूपबंद. शिवाय हेच फायटेट आतड्यात जस्त, लोह, कॅल्शियम यांना धरून ठेवतं आणि प्रथिनांच्या पचनातही अडथळा आणतं.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये डुकरांच्या पोषणगरजांचे तक्ते प्रसिद्ध केले. हिशेबासाठी त्यांतले हे आकडे हाताशी ठेवा. पहिला आकडा एकूण स्फुरदाचा, दुसरा त्यातल्या पचनीय भागाचा.

- मका : ०.२६ टक्के, त्यातलं ३४ टक्के पचनीय
- सोलीव सोयाबीनची पेंड : ०.७१ टक्के, त्यातलं ४८ टक्के
- गहू : ०.३९ टक्के, त्यातलं ५६ टक्के
- मासळी कुटी : साधारण २.९ टक्के, त्यातलं ८२ टक्के
- डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे डीसीपी : १८ ते १९ टक्के, त्यातलं ८१ टक्के

मका आणि गहू दोन्ही धान्यंच, मग पचनीयतेत एवढी तफावत का? कारण गव्हाच्या दाण्यात, विशेषतः त्याच्या कोंड्यात, स्वतःचं फायटेज असतं. राय हे धान्य आणि ट्रिटिकेल (गहू आणि राय यांचा संकर) यांत ते गव्हाहूनही जास्त असतं, बार्लीत बरंच असतं. मका, ज्वारी आणि ओट यांत मात्र नावापुरतंच. गव्हाचं हे फायटेज उष्णतेला नाजूक आहे. वाफ देऊन गोळी खाद्य केलं की त्यातलं बरंचसं निकामी होतं. गहू किंवा गव्हाचा कोंडा वापरत असाल तर खाद्य भरडा आहे की गोळी, हे लक्षात घेऊनच आकडा धरा.

भाताच्या कोंड्याबाबत मी मुद्दाम सावध करतो. त्यात एकूण स्फुरद दीड-दोन टक्क्यांच्या घरात असतं, आणि आकडा पाहून डीसीपी कमी करण्याचा मोह होतो. पण त्यातलं बहुतेक स्फुरद फायटेटमध्येच असतं. त्यामुळे ज्या घटकाने स्फुरदाचा आकडा सर्वांत जास्त फुगतो, त्याच्याच भरवशावर सर्वांत कमी राहता येतं.

प्राणिज घटकांत फायटेट नसतं, म्हणून मासळी कुटी किंवा मांस-हाडांच्या भुकटीतलं स्फुरद सहज मिळतं. आंबवलेल्या धान्याच्या चोथ्यातलं स्फुरदही मूळ धान्यापेक्षा चांगलं पचतं, कारण आंबताना फायटेट काही प्रमाणात तुटलेलं असतं.

पायरी २ : शंभर किलोचा हिशेब हाताने मांडा

२५ ते ५० किलो वजनाच्या वाढत्या डुकरांसाठी एक साधं मिश्रण घेऊ : मका ६८ किलो, सोयाबीन पेंड २२ किलो, गव्हाचा कोंडा ७ किलो. उरलेले ३ किलो खनिजं, मीठ, लायसिन (एक अमिनो आम्ल) आणि प्रिमिक्स (जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजांचं तयार मिश्रण) यांसाठी.

मक्यातून एकूण स्फुरद येतं १७७ ग्रॅम, पचनीय ६० ग्रॅम. पेंडीतून १५६ ग्रॅम, पचनीय ७५. कोंड्यात साधारण एक टक्का स्फुरद धरलं आणि त्यातलं निम्मं पचनीय मानलं, तर ७० ग्रॅम आणि ३५ ग्रॅम. एकूण बेरीज ४०३ ग्रॅम, पण पचनीय फक्त १७० ग्रॅम. या वयाच्या डुकराला खाद्यात पचनीय स्फुरद ०.३१ टक्के लागतं, म्हणजे शंभर किलोत ३१० ग्रॅम. तूट १४० ग्रॅमची. एक किलो डीसीपीतून साधारण १५० ग्रॅम पचनीय स्फुरद मिळतं, म्हणजे सुमारे ९३० ग्रॅम डीसीपी घालावी लागेल.

आता याच मिश्रणातला १५ किलो मका काढून तेवढाच भाताचा कोंडा घाला. भाताच्या कोंड्यात १.७ टक्के स्फुरद धरलं तर एकूण बेरीज ६१९ ग्रॅमवर जाते. या वजनाच्या डुकरासाठी एकूण स्फुरदाची शिफारस ०.५६ टक्के आहे, म्हणजे ५६० ग्रॅम. कागदावर गरज भागलीच, उलट वर उरलं. पण भाताच्या कोंड्यातलं पाव स्फुरद पचतं असं धरून पचनीय बेरीज केली तर ती २२१ ग्रॅमच भरते. अजून ९० ग्रॅम कमी आहेत. जो ‘एकूण’ आकडा पाहून डीसीपी बंद करेल, त्याची डुकरं उपाशी न राहताही स्फुरदाला मुकतील, आणि ते दिसेल तेव्हा हाडांवर परिणाम झालेला असेल.

हा हिशेब वही-पेनाने एकदा तरी करा. सॉफ्टवेअर वापरत असाल तरी करा. त्यात स्फुरदाचा ‘एकूण’ रकाना निवडला आहे की ‘पचनीय’, हे अनेकांनी कधी उघडून पाहिलेलंच नसतं.

पायरी ३ : फायटेज घालायचं तर नीट घाला

बाहेरून घालायचं फायटेज १९९१ पासून व्यावसायिक स्वरूपात मिळतं. त्याची क्षमता एफटीयू या एककात मोजतात. किलोमागे ५०० एफटीयू दिलं तर मका-सोयाबीनच्या मिश्रणात साधारण ०.१ टक्का स्फुरद मोकळं होतं, म्हणजे शंभर किलोत १०० ग्रॅम. वरच्या पहिल्या मिश्रणातली १४० ग्रॅमची तूट त्यामुळे ४० वर येते आणि डीसीपी ९३० ऐवजी २७० ग्रॅम पुरते. नेमका आकडा उत्पादनाप्रमाणे बदलतो, म्हणून त्या उत्पादनाच्या माहितीपत्रकात दिलेला स्फुरद-मुक्तीचा आकडाच वापरा.

फायटेजचा परिणाम दिसत नाही अशी तक्रार ऐकू येते तेव्हा कारण बहुतेक हाताळणीत असतं. ५,००० एफटीयू प्रति ग्रॅम क्षमतेचं उत्पादन शंभर किलो खाद्याला फक्त १० ग्रॅम लागतं. एवढीशी भुकटी ढिगावर भुरभुरली तर काही डुकरांना ती मिळते आणि बाकीच्यांना नाही. आधी ती मूठभर मक्याच्या पिठात मिसळा, ते मिश्रण दोन किलो पिठात, ते दहा किलोत आणि मग ते सगळ्या खाद्यात. दुसरं, ज्या प्रिमिक्समध्ये कॉपर सल्फेट आणि कोलीन क्लोराइड आहे, त्यात फायटेज मिसळून महिनोन्‌महिने ठेवू नका, त्याची ताकद घटते. तिसरं, गोळी खाद्य करणार असाल तर उष्णता सोसणारं, आवरण दिलेलंच फायटेज घ्या.

फायटेज मुख्यतः जठरात, आम्लात काम करतं. म्हणून पुढची पायरी त्याच्याशी घट्ट बांधलेली आहे.

पायरी ४ : चुनखडी तोलूनच घाला

माझ्या मते डुकराच्या खाद्यात सर्वांत जास्त नुकसान चुनखडीच्या भुकटीने होतं, ते केवळ ती स्वस्त आणि निरुपद्रवी समजली जाते म्हणून. फावड्याने अंदाजे टाकली जाते आणि जास्त पडली तरी कुणाला काही वाटत नाही.

जास्त कॅल्शियममुळे तीन गोष्टी बिघडतात. चुनखडी जठरातलं आम्ल मारते, त्यामुळे फायटेजचं आणि प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचं काम मंदावतं. नुकतंच दूध तोडलेल्या पिल्लांच्या जठरात मुळातच आम्ल कमी तयार होतं, त्यांना हा फटका जास्त बसतो. दुसरं, कॅल्शियम आणि फायटेट मिळून न विरघळणारे गठ्ठे तयार होतात आणि स्फुरद त्यात अडकतं. तिसरं, त्या गठ्ठ्यांत जस्तही अडकतं.

जस्ताची ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. डुकराच्या पायांवर, पोटाखाली, कानांवर आधी लालसर चट्टे येतात, मग जाड, भेगाळलेल्या खपल्या धरतात आणि वाढ खुंटते. याला पॅराकेराटोसिस म्हणतात. हा विकार जस्ताच्या कमतरतेचा आहे हे टकर आणि सॅल्मन या संशोधकांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं. कॅल्शियम जास्त असलेल्या वनस्पतिजन्य खाद्यावर तो हमखास बळावतो, कारण तिथे फायटेट आणि कॅल्शियम दोन्ही जस्ताला शोषू देत नाहीत. खपल्या दिसल्या की खरूज समजून औषध फवारलं जातं. खरजेत डुक्कर सतत अंग घासतं आणि खाजवतं, पॅराकेराटोसिसमध्ये खाज नसते किंवा अगदी थोडी असते. निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्या, पण त्यांना खाद्यातलं चुनखडीचं प्रमाण आवर्जून सांगा.

हिशेब असा. २५ ते ५० किलोच्या डुकराला खाद्यात एकूण ०.६६ टक्के कॅल्शियम पुरतं. धान्य-पेंडीतून शंभर किलोत जेमतेम ९५ ग्रॅम येतं. ९३० ग्रॅम डीसीपीतून साधारण २२० ग्रॅम. उरले सुमारे ३४५ ग्रॅम. चुनखडीत ३८ टक्के कॅल्शियम धरलं तर ९०० ग्रॅम चुनखडी झाली, यापेक्षा जास्त नको. एकूण कॅल्शियम आणि एकूण स्फुरद यांचं गुणोत्तर सव्वास एकच्या पुढे जाऊ देऊ नका. फायटेज वापरत असाल तर ते कॅल्शियमही सोडवतं, म्हणून डीसीपी कमी झाल्यावर आलेली कॅल्शियमची सगळी तूट चुनखडीने भरायची नसते. वरच्या उदाहरणात तेव्हा एक किलोच्या आसपास चुनखडी पुरेल.

डीसीपीत चुनखडीची भेसळ आहे का, हे घरी तपासता येतं. काचेच्या पेल्यात चमचाभर डीसीपी घ्या आणि वर पांढरा व्हिनेगर ओता. थोडे बुडबुडे उठून थांबले तर ठीक. सोड्यासारखा फेस वर चढत राहिला तर ते मुख्यतः चुनखडीच आहे. त्या पोत्याने तुमचा स्फुरदाचा हिशेब बुडतो आणि कॅल्शियमचाही.

दूध तोडल्यावर जुलाब रोखायला झिंक ऑक्साइड मोठ्या मात्रेत दिलं जातं. ते फायटेटशी बांधलं जाऊन फायटेजचा परिणाम कमी करतं, हेही ध्यानात असू द्या. युरोपीय संघाने २०२२ च्या जूनपासून अशी औषधी मात्रा पर्यावरणाच्या कारणावरून बंद केली आहे.

पायरी ५ : पेंडीला आच कमी लागलीय की जास्त, ते तपासा

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला रोखणारे घटक असतात, ते उष्णतेने नष्ट होतात. आच कमी पडली तर प्रथिनं पचत नाहीत आणि लहान पिल्लांना सर्वांत जास्त त्रास होतो. आच जास्त झाली तर लायसिन साखरेला चिकटून बसतं. प्रयोगशाळेत प्रथिनं नत्रावरून मोजतात आणि नत्र कुठेच गेलेलं नसतं, त्यामुळे जळकी पेंडही अहवालात ४५ टक्के प्रथिनांची दिसते. स्फुरदासारखीच ही फसगत.

प्रयोगशाळेकडे दोन चाचण्या मागा. युरिएज या विकराच्या क्रियाशीलतेत सामूचा (पीएचचा) फरक ०.०५ ते ०.२० यांच्या दरम्यान असावा, जास्त असेल तर पेंड कच्ची. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये प्रथिनांची विद्राव्यता ७३ ते ८५ टक्के असावी, कमी असेल तर पेंड जळलेली. फक्त युरिएज तपासून थांबू नका, कारण जळकी पेंड त्या चाचणीत सहज पास होते. नजरेचा अंदाज म्हणाल तर चांगली पेंड फिक्या सोनेरी रंगाची असते, गडद तपकिरी आणि करपट वासाची पेंड परत पाठवा.

सरकी पेंडीत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो. खाद्यात मुक्त गॉसिपॉल किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आतच असावं. फेरस सल्फेटमधलं लोह त्याला बांधून टाकतं. मुक्त गॉसिपॉलच्या वजनाएवढं लोह लागतं, आणि पाण्याचे सात रेणू असलेल्या फेरस सल्फेटमध्ये लोह पाचवा हिस्साच असतं, म्हणून त्याचं वजन पाचपट धरा. मला विचाराल तर पिल्लांना सरकी पेंड नकोच.

पायरी ६ : कोंडा कुणाला, किती

तंतूंचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं की वाढत्या डुकरात खाद्यातल्या ऊर्जेची पचनीयता साधारण एका टक्क्याने घटते. मोठ्या माद्यांचं मोठं आतडं प्रशस्त असतं आणि त्यात अन्न जास्त वेळ राहतं, म्हणून त्या तंतूंमधून जास्त ऊर्जा काढतात. गाभण मादीला कोंडा सढळ हाताने चालतो, शिवाय पोट भरून ती शांत राहते. दूध तोडलेल्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला मात्र तो मोजूनच.

भाताच्या कोंड्यात तूस मिसळलेलं असेल तर सगळंच बिघडतं. मूठभर कोंडा तळहातावर घेऊन चोळा. शुद्ध कोंडा पिठासारखा मऊ लागतो आणि तेलामुळे किंचित चिकटतो. तूस असेल तर टोचतं. शंका आली तर आम्लात न विरघळणाऱ्या राखेचं प्रमाण तपासून घ्या, तुसातली सिलिका त्यात लगेच पकडली जाते.

गव्हाचा कोंडा असलेलं मिश्रण खाऊ घालण्यापूर्वी काही तास कोमट पाण्यात भिजवलं तर कोंड्यातलं फायटेज कामाला लागतं आणि त्याच मिश्रणातल्या मक्याचं फायटेटही तोडतं. भिजवलेलं खाद्य आंबू लागलं की त्यातलं बाहेरून घातलेलं लायसिन जिवाणू खाऊन टाकतात. म्हणून लायसिन भिजवताना न घालता खाऊ घालण्याच्या वेळी घाला.

पालक, राजगिरा, बीटचा पाला अशा हिरव्या पाल्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरतं. पाला रोज भरपूर देत असाल तर त्यातलं कॅल्शियम हिशेबात धरू नका.

पायरी ७ : दळण

मक्याचे कण सरासरी ५०० ते ६०० मायक्रॉनचे असावेत. बारीक दळल्याने स्टार्च आणि ऊर्जा चांगली पचते, पण फायटेटमधलं स्फुरद दळून सुटत नाही. अगदी पीठ केलं तर जठरात व्रण होतात. डुक्कर अचानक पांढुरकं पडलं आणि विष्ठा डांबरासारखी काळी झाली तर दळणही तपासा. उलट बाजूने, ताजी विष्ठा बारीक चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा. चाळणीत मक्याचे पांढरे-पिवळे तुकडे खडखडत राहिले तर जाळी मोठी आहे किंवा चक्कीचे हातोडे झिजले आहेत.

पायरी ८ : पचन स्वतः मोजा

मोठा कळप असेल तर ही पायरी टाळू नका. एका वेळी एकच घटक बदला, तोही आठ-दहा दिवसांत हळूहळू. बदल पूर्ण झाल्यावर आठवडाभर तेच खाद्य द्या. मग पाच दिवस खाद्याचे आणि विष्ठेचे नमुने रोज घ्या, विष्ठा वाळवा, एकत्र करून दोन्ही प्रयोगशाळेत पाठवा. दोन्हींत फक्त दोन गोष्टी मोजायच्या : स्फुरद आणि आम्लात न विरघळणारी राख. ही राख पचत नाही, जेवढी खाल्ली तेवढी बाहेर पडते, म्हणून ती माप म्हणून वापरता येते.

समजा खाद्यात राख १ टक्का आणि स्फुरद ०.५ टक्के आहे, विष्ठेत राख ४ टक्के आणि स्फुरद १.२ टक्के. राखेचं गुणोत्तर १ भागिले ४, म्हणजे ०.२५. स्फुरदाचं १.२ भागिले ०.५, म्हणजे २.४. दोन्हींचा गुणाकार ०.६. म्हणजे ६० टक्के स्फुरद विष्ठेतून गेलं आणि ४० टक्के शोषलं गेलं. फायटेज घालून हाच आकडा पुन्हा काढा, ते काम करतं की नाही हे कुणाला विचारायची गरज उरणार नाही. अमिनो आम्लांसाठी ही रीत चालत नाही, कारण मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूप पालटतात.

नमुना घेताना विष्ठा जमिनीला लागू देऊ नका. मातीचा किंवा वाळूचा कण चिकटला की राखेचा आकडा फुगतो आणि पचन आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून, किंवा धुतलेल्या फरशीवर पडताक्षणी वरच्या थरातला नमुना घ्या.